आधी गोठ्यात, मग सभेत

सर,

रविवारच्या सभेचा निरोप मी अजून ग्रुपवर टाकलेला नाही. दहा वर्षं आपल्या तालुका शाखेचा सेक्रेटरी आहे, पण एक साधी विषयपत्रिका लिहायला चार दिवस लागले असं कधी झालं नव्हतं. पहिला विषय लिहून झालाय, कै. डॉ. वाबळे सरांना श्रद्धांजली. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि नावाआधी 'कै.' लिहिताना माझं बोट अडखळलंसुद्धा नाही. स्वतःचाच राग आला. दुसऱ्या विषयापाशी मात्र अडलोय. तिथं नेहमीप्रमाणे 'फसलेली केस' लिहून पुढं कुणाचं तरी नाव टाकायचं असतं.

ग्रुपवर काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही हे बरंय. तालुक्यातल्या झाडून सगळ्या जनावरांच्या डॉक्टरांना तुमच्याबद्दल एकदम उमाळा आलाय. मंगल कार्यालय घ्या, फोटो मोठा करून लावा, काकूंना शाल द्या, एखादा पुढारी बोलवा. एक औषध कंपनी जेवणाचं बघते म्हणतेय, फक्त बॅनरवर खाली त्यांचं नाव यायला हवं. ज्यांनी दोन वर्षांत तुमच्या सभेचा जिना चढला नाही तेच सगळ्यात जास्त लिहितायत. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. उत्तर द्यायचा मला अधिकार आहे असं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच तुम्हाला सांगायला बसलोय. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

दहाव्याला घाटावर सगळे पांगल्यावर काकूंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "ते शोकसभा बिकसभा काय करायचं ते करा, पण दोन ते चारच ठेवा हं. धारेच्या वेळेला कुणाचा खोळंबा नको." नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई, आणि तिला तालुक्यातल्या गाईम्हशींच्या धारा आठवतात. जन्मभर तुमच्याबरोबर काढल्याचा हा परिणाम. मी मान हलवली आणि खालच्या पायरीवर जाऊन रडून घेतलं. गोदावरीला पाणी बेताचंच होतं. शेजारी एक माणूस घागर विसळत होता, तो मला म्हणाला, "कोण होते तुमचे?" मला चटकन सांगता येईना. वडील म्हटलं तर खोटं, वरिष्ठ म्हटलं तर फारच कोरडं. मी म्हटलं, "आमच्या सभेला यायचे." त्याला काय कळणार.

मी नवा सेक्रेटरी झालो तेव्हाचं माझ्या अंगातलं वारं आठवतं का? शिर्डी रस्त्यावरच्या हॉटेलात मी पहिली सभा ठरवली. साठ माणसं. पुण्याहून वक्ते आणले, त्यांनी इंग्रजीत ऐंशी-नव्वद स्लाईड दाखवल्या. शाल, नारळ, फोटो. शेवटी मी माईकवरून विचारलं, कुणाला काही प्रश्न? एकच हात वर झाला. जेवण कुठल्या मजल्यावर आहे, हा प्रश्न होता. मला तरीही सभा फार झकास झाली असं वाटत होतं. मग जेवणं उरकून आपण खाली आलो तर निम्मी मंडळी लिंबाखाली मोटरसायकलींना टेकून उभी. तासभर हलेनात. कुणाची म्हैस व्यायच्या आधी दोन दिवस कशी गेली, कुणी व्याल्यावर न पडलेली वार ओढून काढली आणि पुढं काय झालं, असलं सगळं खालच्या आवाजात चाललेलं. तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "सेक्रेटरी, सभा इथं चाललीय. वर काय होतं?"

मला इतका राग आला होता की आठ दिवस तुमचा फोन उचलला नाही. पंधरा दिवस राबून मी तो कार्यक्रम उभा केला होता. पण राग ओसरल्यावर कळलं की तुम्ही माझी टिंगल केली नव्हती, तुम्ही खरंच विचारत होता. पुढच्या वेळेस मीच तुमच्याकडं आलो आणि म्हटलं, मग लिंबाखालची सभा वर कशी न्यायची ते सांगा. तुम्ही एवढे खूश झालात की काकूंना दुसऱ्यांदा चहा टाकायला लावलात.

त्या दुपारी आपण नियम केले. तुम्ही बोलत गेलात, मी वहीत लिहीत गेलो. सभा खताच्या दुकानावरच्या खोलीत. महिन्यातून एकदा, रविवारी दोन ते चार, कारण त्या वेळेला जनावरं रवंथ करत बसलेली असतात आणि मालक झोपलेले. स्टेज नाही, हार नाही, पाहुणा नाही. फोन आला तर घ्यायचा आणि जायचं, माफी मागत बसायचं नाही. एका सभेत एकच केस, आणि ती स्वतःची, फसलेली. ऐकणाऱ्यांनी 'असं का केलंत' म्हणायचं नाही, 'तेव्हा समोर काय दिसत होतं' असं विचारायचं. इथपर्यंत मी मुंडी हलवत होतो. मग तुम्ही शेवटचा नियम सांगितलात. केस सभेत मांडण्याआधी ती ज्याची गाय त्याला जाऊन सांगायची. आधी गोठ्यात, मग सभेत.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, सर, हे चालणार नाही. लोक मारतील आपल्याला. मारणार नाहीत तर निदान पुन्हा बोलावणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही म्हणालात, "झाकलेल्या मुठीनं गाय तपासता येत नाही रे." मी म्हटलं, हे वाक्य छान आहे, पण प्रॅक्टिस वाक्यांवर चालत नाही. तिथून जो वाद सुरू झाला तो दहा वर्षं चालला आणि आता तो मिटायचा राहूनच गेला. माझी बाजू मी अजून मांडू शकतो. समोर कुणी नाही एवढंच.

पहिली केस तुम्ही स्वतःची मांडलीत. मालकानं सांगितलं गाय भरवलेली नाही, तुम्ही हात घालून तपासलं नाही, माजावर आणायचं इंजेक्शन दिलंत आणि गाय तिसऱ्या दिवशी गाभडली. चार महिन्यांची गाभण होती. तुम्ही त्याच्या गोठ्यात जाऊन सांगितलंत, माझी चूक आहे, मी तपासायला हवं होतं. तो वर्षभर तुमच्याशी बोलला नाही. समोरून आला तर तोंड फिरवायचा. सभेत हे सांगताना तुम्ही हसला वगैरे नाहीत. तोंड फिरवल्यावर कसं वाटायचं तेही सांगितलंत. खोलीत अकरा माणसं होती आणि मला आठवतंय, कुणाचाच फोन वाजला नाही त्या दिवशी.

या सभेचा उपयोग काय, असं मला नवीन पोरं विचारतात तेव्हा मी पठाणची केस सांगतो. आपला डॉ. पठाण, आता उपाध्यक्ष आहे तो. एक गाय खात नव्हती, लाळ गाळत होती, त्याला वाटलं घशात काहीतरी अडकलंय. त्यानं कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. गाय पिसाळलेली निघाली. स्वतः इंजेक्शनं घेतली ती घेतलीच, पण ती गाय ज्यांनी हाताळली, तिला ज्यांनी पाणी पाजलं, त्या सगळ्या वस्तीला गोळा करून त्यानं सांगितलं की मला ओळखू आलं नाही, तुम्ही सगळे आज दवाखान्यात चला. मग सभेत सांगितलं. त्यानंतर तीन महिन्यांनी माझ्यासमोर एक म्हैस उभी होती, लाळ गाळणारी, न खाणारी. मालक म्हणाला, कणीस अडकलंय बहुतेक, हात घालून बघा. मी बाही वर केली होती. हात तोंडापर्यंत नेला आणि मागं घेतला. ती म्हैसही पिसाळलेलीच निघाली. पठाणनं ते सांगितलं नसतं तर आज श्रद्धांजलीचा विषय दुसरा कुणीतरी लिहीत बसला असता, माझ्या नावानं आणि बराच आधी.

म्हणजे ज्या सभेनं माझा जीव वाचवला त्या सभेत मी दहा वर्षांत एकदाही माझी केस मांडली नाही. आहे की नाही कमाल. पाळ्या मीच लावायचो. आडनावांप्रमाणे लावायचो आणि माझं आडनाव आलं की पुढं सरकायचो. सेक्रेटरीला टिपणं घ्यायची असतात, असं म्हणायचो. पहिली काही वर्षं ते पटण्यासारखंही होतं. मग एकदा मी दिलेल्या कच्च्या विषयपत्रिकेवर तुम्ही पेन्सिलीनं माझं नाव घालून परत पाठवलंत. मी ग्रुपवर टाकताना ते काढलं आणि पठाणचं घातलं. सभेत पठाण उभा राहिला. तुम्ही माझ्याकडं पाहिलं, पुढची खुर्ची जरा सरकवून घेतलीत आणि ऐकायला लागलात. पुन्हा कधी माझं नाव लिहिलं नाहीत. सर, तेव्हा एक शिवी घातली असतीत तर बरं झालं असतं.

आता ती केस. तुम्हाला आधी सांगायची होती, ती अशी कागदावर सांगतोय.

सहा वर्षं झाली. सभेचाच रविवार. खोलीची किल्ली माझ्याकडं, दीडला जाऊन खुर्च्या लावायच्या होत्या. साडेबाराला नदीपलीकडच्या एका वस्तीवरून फोन आला, काल व्यालेली गाय उठत नाही. गेलो. मंदाबाई म्हणून आहेत, त्यांची चंद्री नावाची गाय. मान पोटाकडं वळवून बसलेली, कान गार, नाकपुड्या कोरड्या. दुग्धज्वर. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि गाय बसते. आपल्या धंद्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त नाव मिळवून देणारी केस. शिरेतून कॅल्शियमची बाटली द्यायची, हळूहळू, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत द्यायची, आणि अर्ध्या तासात मेल्यासारखी गाय उठून उभी राहते. घरची माणसं आपल्याकडं देव बघितल्यासारखी बघतात.

बाटली अडकवायला खुंटी नव्हती. मी ती मंदाबाईंच्या हातात दिली, म्हटलं, अशीच वर धरा. शीर चांगली मिळाली. मग घड्याळ बघितलं आणि नळी पूर्ण सोडली. ठोके ऐकायला मी तिथं बसलो नाही. गोठ्याबाहेर जाऊन खताच्या दुकानवाल्याला फोन लावला, की खालचं शटर उघडं ठेवा, मला पाच-दहा मिनिटं उशीर होतोय. परत आलो तर बाटली जवळजवळ रिकामी. गाय थरथरली, पाय ताणले आणि संपली. एवढ्या वेगानं कॅल्शियम गेलं तर हृदय थांबतं, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मी काय सांगितलं? "हृदय आधीच कमजोर होतं हिचं. वाचणारी नव्हती." मंदाबाई बाटली तशीच धरून उभ्या होत्या. त्यांच्या सासूबाई काहीतरी विचारत होत्या, मी बूट घालता घालता काहीतरी उत्तर दिलं आणि निघालो.

सव्वादोनला जिना चढलो तर तुम्ही सगळ्यांना घेऊन पायऱ्यांवर बसलेले. म्हणालात, "उशीर?" मी म्हटलं, उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या पुलावर. हंगाम चालू होता, कुणालाही पटावं असं कारण. मग मी कुलूप काढलं, खुर्च्या लावल्या आणि दुसऱ्याच्या फसलेल्या केसची सुवाच्य अक्षरात टिपणं घेतली.

त्यानंतर एकदा तुमच्या गाडीतून आपण येसगावकडून येत होतो तेव्हा तुम्ही सहज विचारलंत, "त्या दिवशी नदीपलीकडं कुठली केस होती रे?" मी म्हटलं, साधी. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि गाडी चालवत राहिलात. तुम्हाला माहीत होतं का, सर? कुणी सांगितलं होतं? की नुसतंच विचारलंत? सोळा दिवस हाच एक प्रश्न डोक्यात फिरतोय आणि त्याचं उत्तर द्यायला या जगात कुणी उरलेलं नाही. काकूंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, ते घरी कुणाच्या केसबद्दल बोलायचे नाहीत.

शेवटचं भांडण तर तुम्हाला आठवत असेलच. दोन महिने झाले, खोलीसमोरच्या टपरीवर. सभेला नऊ माणसं आली होती. मी चिडलेला होतो. म्हटलं, आता तो गोठ्याचा नियम काढून टाका. नवी पोरं म्हणतात, हे हात दाखवून अवलक्षण आहे. लोक आता मोबाईलवर शूटिंग करतात, उद्या एखाद्याचं वाटोळं होईल. तुम्ही म्हणालात, नियम काढला तर ती सभा राहणार नाही, गप्पा राहतील. आपण आपल्यातच एकमेकांना माफ करत बसू. त्यावर मी जे बोललो ते मला पुन्हा लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तुमचं ठीक आहे सर. तुमची प्रॅक्टिस संपत आली. तुम्हाला आता गमवायचंय काय?"

टपरीवाल्यानंसुद्धा मान वर केली होती. तुम्ही कपातला उरलेला चहा पिऊन टाकलात आणि म्हणालात, "खरंय तुझं." तेवढंच. मग माझ्या चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत आणि गेलात. मी ठरवलं होतं, पुढच्या सभेला आधी येऊन बोलायचं. पुढच्या सभेला मी मुद्दाम वेळेवर आलो, आधी नाही. त्याच्या पुढच्या सभेआधी तुम्ही पडलात.

नाशिकला अतिदक्षता विभागात एकेकाला पाच मिनिटं सोडत होते. पठाण जाऊन आला, डोळे पुसत. मग मी. तुम्हाला शुद्ध नव्हती. नर्स म्हणाली, बोला, ऐकू जातं कधी कधी. खोलीत तुम्ही आणि मी. यापेक्षा सोपी संधी माणसाला मिळत नाही. ना तुम्ही उलट बोलणार होता, ना माझ्याकडं बघणार होता. मी चार मिनिटं नुसता उभा राहिलो आणि पाचव्या मिनिटाला काय म्हणालो माहितेय? "सर, पुढच्या सभेला खोली मिळालीय." बस. बाहेर आल्यावर पठाणनं विचारलं, काय बोललास? मी म्हटलं, असंच, सभेचं.

तुमच्या न हलणाऱ्या चेहऱ्यासमोर ज्याला तोंड उघडता आलं नाही तो रविवारी नऊ माणसांसमोर काय उघडणार? तरी परवा दुपारी मी विषयपत्रिकेत दुसऱ्या विषयापुढं माझं नाव लिहिलं. पाठवायला बोट नेलं आणि नियम आठवला. पठाणला फोन केला. म्हटलं, या वेळेस एक केस मालकाला न सांगता मांडली तर? तो म्हणाला, "सर गेले म्हणून सवलत मागतोस का?" त्याला कोणती केस ते माहीत नाही. विचारलंही नाही त्यानं. तुम्ही घडवलेली माणसं आहेत ही, दुसरं काय.

म्हणून काल नदीपलीकडं गेलो.

मंदाबाई एकट्याच होत्या, चारा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये मका घालत. मला बघून म्हणाल्या, "बसा डाक्टर. कुनी बोलावलं तुमाला? आमची तर समदी जनावरं बरी हायत."

मी म्हटलं, कुणी बोलावलं नाही, मीच आलो. मशीनच्या आवाजात मी पहिलं वाक्य बोललो ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी बटण बंद केलं. मग ते शांततेत पुन्हा बोलावं लागलं. चंद्री माझ्या चुकीनं गेली. बाटली हळू सोडायची असते, मला सभेची घाई होती, मी पूर्ण सोडली. हृदय बिदय काही कमजोर नव्हतं. हे मला रविवारी आमच्या सभेत सांगायचंय, पण आमच्यात आधी मालकाला सांगायची रीत आहे, म्हणून आलो.

त्यांनी हातातलं मक्याचं धाट खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हंजे मी बाटली वाकडी धरली म्हनून न्हाई गेली?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, नाही ताई, तुम्ही बाटली नीटच धरली होती.

"हात बी हालला नव्हता माजा?"

"नाही. मी सांगितलं तशीच धरली होतीत."

"मग तवा का न्हाई सांगितलं? आत्याबाईंनी तुमाला इचारलं हुतं की. तुमी बूट घालत हुता. त्या म्हनल्या, हिचा हात हालला का? तुमी म्हनला, असं हुतं कदी कदी."

सर, मला ते आठवत नाही. खरंच आठवत नाही. सहा वर्षं मी त्या दुपारचं सगळं घोकत होतो, नळी, घड्याळ, शटर, आणि हे एक वाक्य माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

त्या आवाज न चढवता सांगत होत्या. चढवला असता तर मला सोसलं असतं. "तवापास्नं व्यालेल्या गाईजवळ मला कुनी येऊ दिलं न्हाई. गाय व्याली की आत्याबाई म्हनायच्या, तू लांब हो. समद्या वस्तीला ठावं झालं, हिच्या हातानं गाय गेली. दवाखान्यात हुत्या तवा त्यांना सलाईन लावलं हुतं. मी पानी पाजाय गेले, तर नर्सबाईला म्हनल्या, हिला बाटलीपाशी येऊ देऊ नका."

मी विचारलं, "आता कुठं आहेत त्या?"

"गेल्या की. वर्स व्हईल आता."

गोठ्यात चार गाई होत्या, त्या बसून रवंथ करत होत्या. मी हात जोडले. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं नाही. मी म्हटलं, तुमचे मालक कारखान्यावरून आले की त्यांना सांगतो, मी थांबतो इथं.

"घरात सांगितलेलं घरातच ऱ्हातं," त्या म्हणाल्या. "हे तोंडानं कदी बोलत न्हाईत, पन मनात त्यांच्या बी तेच हाय. उद्या मी काय म्हनलं तर वाटंल, आपलं झाकाय डाक्टरचं नाव घेती. तुमची ती सभा कवा हाय म्हनला?"

मी म्हटलं, रविवारी.

"मी ह्यांना घिऊन येते. जावेला बी आनते. चार मानसांत तुमच्या तोंडनं ऐकू द्या त्यांना."

दहा वर्षांत आपल्या सभेला एकही मालक कधी आलेला नाही. नियमांच्या वहीत मी आज सकाळपासून शोधतोय, मालक आला तर काय करायचं. त्याला खुर्ची द्यायची का, त्याला प्रश्न विचारू द्यायचे का, त्यानं 'असं का केलंत' म्हटलं तर त्याला नियम सांगायचा का. तुम्ही काहीच सांगून ठेवलेलं नाही. तुम्हाला वाटलंच नसेल की आपल्यापैकी एखाद्यानं चूक केली तर ती गोठ्यात कुणा दुसऱ्याच्या अंगावर पडून राहिलेली असेल. की वाटलं होतं, आणि म्हणूनच तो नियम होता? हेही आता विचारायचं राहिलं.

पठाणला सांगितलं. तो म्हणाला, सरांनी काय केलं असतं? मी म्हटलं, मला माहीत असतं तर मी तुला फोन केला असता का. सल्ला द्यायला कुणी नाही, पुढं ढकलायला कारण नाही, आणि नाही म्हणायची माझी लायकी नाही. मला भीती वाटते सर. त्या बाईची नाही, तिच्या नवऱ्याचीही नाही. तिथं उभं राहून मी पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलेन आणि ती ते ऐकत बसलेली असेल, याची भीती वाटते.

खताच्या दुकानावरची खोली, रविवारी दोन वाजता, असं मी तिला सांगून आलोय.